सन आणि ड्रोन मेटल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणालाही सनचा एखादा ट्रॅक ऐकवला की पहिल्या दोन मिनिटांत ठरलेले प्रश्न सुरू होतात, "गाणं कधी सुरू होणार" पासून ते "स्पीकर फाटलाय का" पर्यंत. ते सगळे खाली घेतलेत, काही जरा खोलातले पण आहेत. क्रमाने वाचायलाच पाहिजे असं काही नाही.

सन म्हणजे कोण?

स्टीफन ओमॅली आणि ग्रेग अँडरसन. दोघंही गिटार वाजवतात आणि बँडचे कायमचे मेंबर हे दोघंच, बाकी सगळे येऊन जाऊन. १९९८ ला अमेरिकेत सिअॅटलला सुरुवात झाली. त्याआधी थॉर्स हॅमर आणि मग बर्निंग विच या डूम मेटल बँडमध्ये हे दोघं एकत्र होते, म्हणजे संथ आणि जड वाजवायची सवय आधीपासूनचीच, फक्त सनमध्ये त्यांनी ड्रम काढून टाकले आणि ड्रम गेले की मोजायला काही राहतच नाही, मग एक कॉर्ड किती वेळ धरायची हे मनावर नाहीतर अँपवर, म्हणजे गिटारच्या अॅम्प्लिफायरवर. सदर्न लॉर्ड हे अँडरसनचं लेबल पण त्याच वर्षीचं, आणि सनच्या बहुतेक रेकॉर्ड तिथूनच आल्या.

नाव कसं वाचायचं?

नुसतं "सन". पुढे छापलेला गोल आणि तीन कंस वाचायचे नाहीत. सन हा ऑरेगन राज्यातला गिटार अँपचा जुना ब्रँड, साठच्या दशकात किंग्जमेन बँडचा बेसिस्ट नॉर्म संडहोम आणि त्याच्या भावाने सुरू केलेला, आणि तो गोल-कंस म्हणजे त्या कंपनीचा लोगो, स्पीकरमधून लाटा बाहेर पडतायत असा. यांनी नाव लोगोसकट उचललं. बँडने स्वतःचं नाव अँपवरून ठेवावं यातच अर्ध्या प्रश्नांची उत्तरं आहेत खरं तर.

ड्रोन मेटल म्हणजे काय? उडणाऱ्या ड्रोनशी काही संबंध?

शून्य. एकच सूर किंवा एकच कॉर्ड न थांबता चालू ठेवायची, त्याला संगीतात ड्रोन म्हणतात. ते काम जर फुल डिस्टॉर्शनच्या (म्हणजे मुद्दाम फाटवलेल्या आवाजाच्या), सूर खाली उतरवलेल्या गिटारवर केलं तर ड्रोन मेटल.

याची सुरुवात सनने नाही केली. डिलन कार्लसन नावाच्या माणसाने १९८९ ला वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपियामध्ये अर्थ नावाचा बँड काढला, पृथ्वीवाला अर्थ, ब्लॅक सॅबथचं आधीचं नाव हेच होतं आणि ते मुद्दाम घेतलेलं. कार्लसन हा निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनचा जवळचा मित्र, अर्थच्या १९९१ च्या पहिल्या रेकॉर्डवर कोबेनचा आवाज पण आहे. पण खरा प्रकार झाला १९९३ ला, सब पॉप लेबलवर "अर्थ २" आला तेव्हा. तीन ट्रॅक, ७३ मिनिटं, शेवटचा ट्रॅक एकटाच अर्ध्या तासाचा, ड्रम जवळपास नाहीतच. ते वर्ष आणि ते लेबल आठवा, ग्रंज जोरात चालू होतं, सब पॉप म्हणजे निर्वाणाचं पहिलं घर, आणि त्यात हे. तेव्हा फार कुणी घेतला नाही. पण ज्यांनी घेतला त्यात हे दोघं होते, आणि सन सुरू झाला तोच मुळात अर्थला सलाम म्हणून. सनच्या पहिल्या रेकॉर्डवर, ग्रिमरोब डेमोजवर, एका ट्रॅकचं नावच "डिलन कार्लसन" आहे, आता यापेक्षा उघड काय सांगायचं.

म्हणजे तानपुऱ्यासारखंच झालं की?

आपल्याकडच्या माणसाला हा प्रश्न पडणारच. आणि गंमत म्हणजे धागा खरंच आहे, ओढून ताणून आणलेला नाही.

कार्लसनवर ज्यांचा प्रभाव आहे त्यात ला माँट यंग हा अमेरिकन कंपोझर येतो. हा यंग, त्याची जोडीदार मरियन झझीला आणि टेरी रायली हे तिघं १९७० पासून पंडित प्राणनाथांचे गंडाबंध म्हणावेत असे शिष्य. प्राणनाथ किराणा घराण्याचे, अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकलेले. वहीद खाँ म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांचे नात्यातले, आणि करीम खाँसाहेब मिरजेचे झाले ते आपल्याला वेगळं सांगायला नको, आजही त्यांची पुण्यतिथी मिरजेत दर्ग्यात गाऊनच होते. मिरजेच्या तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग पण मिळाला. तर किराण्याचा तो एकेका सुरावर बसून राहायचा स्वभाव न्यूयॉर्कमध्ये पोचला, तिथून अमेरिकन मिनिमलिझममध्ये, आणि तिथून वळणं घेत घेत गिटारच्या अँपपर्यंत. सनने काही रियाज केलेला नाही, तसा दावा ते करतही नाहीत, पण आवाजाकडे बघायची जी नजर आहे ती या रस्त्याने आलीय.

तानपुऱ्याची जवारी आठवा. घोडीवर तारेखाली सूत सरकवून जागा शोधली की एका तारेतून वरचे दहा-पंधरा स्वर झणझणायला लागतात. डिस्टॉर्शन वेगळ्या मार्गाने हेच करतं, सिग्नल दाबून कापला की मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात. फरक एवढाच की आपल्याकडे तानपुरा मागे असतो आणि गवई पुढे. इथे गवई नाहीच, तानपुराच मैफल करतोय.

पण यात काहीच घडत नाही!

घडतं, फक्त आपण जिथे बघतो तिथे घडत नाही. चाल, ठेका, कडवं, परत मुखडा, अशी कानाला सवय लागलेली असते, ते यात मिळत नाही म्हणून रिकामं वाटतं.

जरा आकड्यात सांगतो. नेहमीच्या गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झला असते. सन ती उतरवून ५५ हर्ट्झच्या ए या सुरावर आणतात. त्यावर पंचम, साधारण ८२.५. आता डिस्टॉर्शनमधून हे दोन सूर एकत्र गेले की त्यांच्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो, २७.५, म्हणजे मूळ सुराच्या पण एक सप्तक खाली, जो कुणीच वाजवलेला नाही! शिवाय दोन गिटार कधीच तंतोतंत जुळलेल्या नसतात. एक ५५ वर आणि दुसरी ५५.५ वर असली तर दर दोन सेकंदाला आवाज एकदा फुगतो आणि एकदा बसतो. यांच्या रेकॉर्डमध्ये जो श्वास घेतल्यासारखा लयीचा भास होतो ना, तो हा. ड्रमर नाही, तर सुरांमधला फरकच ताल धरतो, आणि तार जशी सैल होत जाते तसा तो ताल हळूहळू बदलतो.

मग कॉर्ड विझायला लागते. बँडवाले इथे हात मारत नाहीत, थांबतात. गिटार अँपसमोर धरलेली असते, अँपचा आवाज तारेला हलवतो, तार परत अँपमध्ये जाते, असं चक्र सुरू झालं की विझणारा सूर अचानक वर उडी मारून वेगळ्याच स्वरावर जाऊन उभा राहतो. गिटार दोन इंच फिरवली तर तिसराच स्वर. ही जी हाताळणी आहे तीच यांची कारागिरी. बोटांची चपळाई शून्य, पण कधी सोडायचं आणि कधी धरायचं याचा अंदाज लागायला वर्षं जातात.

म्हणून माझं म्हणणं असं की संगीत हलायचं थांबलं की कान हलायला लागतो. पहिली सातआठ मिनिटं चिडचिड होते, नंतर आपोआप आतले स्वर वेगवेगळे दिसायला लागतात. नाही झालं तर सोडून द्या, जबरदस्ती नाही.

एवढ्या मोठ्याने का?

कारण मोठा आवाज हे त्यांचं तिसरं वाद्य आहे. "मॅक्झिमम व्हॉल्यूम यील्ड्स मॅक्झिमम रिझल्ट्स" हे बँडचं ठरलेलं वाक्य, टीशर्टवर पण असतं. यात नुसती मस्ती नाहीये. वर सांगितलेलं फीडबॅकचं चक्र कमी आवाजात सुरूच होत नाही, तार हलवायची तर खोलीतली हवा तेवढी हलली पाहिजे. आणि ट्यूबवाले अँप पूर्ण उघडल्यावरच तसे फाटतात.

दुसरं म्हणजे कानाची मर्यादा. खालचे सूर आपल्याला मुळातच कमी ऐकू येतात, आवाज वाढवला की ते बाकीच्यांच्या बरोबरीला येतात. विसर्जनाला डीजेच्या भिंतीसमोरून जाताना बरगड्यांत काय होतं ते माहिती असेल, तसंच, फक्त यात ठोका नाही, तो धक्का येऊन तिथेच राहतो.

ते झगे आणि धूर कशासाठी?

स्टेजवर सगळे डोक्यावर टोपडं असलेले साधूंसारखे झगे घालतात आणि धूर इतका की पुढच्या रांगेलाही माणसं धड दिसत नाहीत, मागे अँपची भिंत, अधूनमधून एक हात वर जातो आणि कॉर्ड पडते. थोडी नाटकी आहे, त्यांनाही ते कळतं. पण फायदा असा की कोण वाजवतंय, बोटं कुठे आहेत, हे बघायचं काही राहत नाही, मग ऐकण्याशिवाय दुसरं काम उरत नाही. गायक अटिला चिहार सोबत असला की मात्र बघायला पण असतं, आरशांचे तुकडे लावलेला पोशाख वगैरे. हा हंगेरीचा, मेहेम या ब्लॅक मेटल बँडचा गायक, आणि घशातून असे खालचे आवाज काढतो की अँप कुठे संपला आणि माणूस कुठे सुरू झाला ते कळत नाही.

हे सैतानी वगैरे आहे का?

नाही. ब्लॅक मेटलची सावली आहे, काही ट्रॅकची नावं भीतीदायक आहेत, बस. यांच्या रेकॉर्डच्या नावात बौद्ध शब्द जास्त सापडतील, त्याबद्दल खाली येतंच.

सुरुवात कुठून करू?

पहिल्यांदाच ऐकत असाल तर २००९ चा "मोनोलिथ्स अँड डायमेन्शन्स". मेटल आवडत नसेल तरीही हाच. मेटलवाले असाल तर २००५ चा "ब्लॅक वन". नुसता गिटारचा आवाज, स्वच्छ आणि अजस्र, हवा असेल तर २०१९ चा "लाइफ मेटल". आणि गाणं म्हणता येईल असं काहीतरी पाहिजेच असेल तर बोरिस या जपानी बँडसोबत केलेला "ऑल्टर", त्यात जेसी साइक्सने गायलेलं "द सिंकिंग बेल" खरंच अंगाई गीताच्या जवळ जातं. ग्रिमरोब डेमोजपासून सुरुवात करू नका, इतिहास म्हणून ठीक आहे पण पहिल्या दिवशी नको.

सुरुवातीच्या रेकॉर्डमध्ये ऐकण्यासारखं काय?

२००० च्या "डबल ओ व्हॉइड" ला कायस बँडचा बेसिस्ट स्कॉट रीडर प्रोड्युसर होता, चार लांब ट्रॅक, त्यात मेलव्हिन्स बँडच्या एका गाण्याची इतकी संथ आवृत्ती आहे की ओळखणं अवघड. २००२ च्या "फ्लाइट ऑफ द बेहेमॉथ" वर जपानचा नॉइज कलाकार मर्झबाऊ येतो, आणि शेवटी मेटालिकाच्या एका अतिपरिचित गाण्याचं कव्हर आहे, नाव फक्त आद्याक्षरांत छापलंय, ओळखा म्हणून. इथपर्यंत बँड म्हणजे दोन गिटार आणि एक कल्पना.

मग "व्हाइट १" (२००३) आणि "व्हाइट २" (२००४) मध्ये दारं उघडली. व्हाइट १ ची सुरुवातच ज्युलियन कोप या इंग्लिश गायकाच्या पंचवीस मिनिटांच्या पठणाने होते, मागे गिटारची गुरगुर आणि हा माणूस आपला कीर्तनकाराच्या ठसक्यात बोलतोय. त्यातच थॉर्स हॅमरच्या जुन्या गायिकेने, रुनहिल्ड गॅमेलसेटरने, नॉर्वेजियन लोकगीत म्हटलंय. व्हाइट २ वर अटिला पहिल्यांदा आला आणि तो मग घरचाच झाला. या दोन रेकॉर्ड थोड्या विस्कळीत आहेत असं मला वाटतं, पण पुढचं सगळं यातूनच निघालं.

शवपेटीत कोंडून गायला लावलं ती गोष्ट खरी का?

खरी. "ब्लॅक वन" चा शेवटचा ट्रॅक "बाथोरी एर्झेबेट". गायक मॅलेफिक, झस्थुर हा एकट्याचा बँड चालवणारा, त्याला बंद जागेची भीती. त्याला शवपेटीत झोपवलं, माइक आत दिला, झाकण लावलं आणि ती पेटी शववाहिकेत ठेवली. त्याचा दम लागलेला आवाज रेकॉर्डवर ऐकू येतो. बरोबर होतं का, हा प्रश्न मला दरवेळी ऐकताना पडतो, पण त्याने स्वतः मान्य करून केलेलं आहे.

ही गोष्ट इतकी फिरते की बाकी रेकॉर्ड मागे पडतो, ते चुकीचं आहे. ऑस्ट्रेलियाचा ओरेन अंबार्ची, लेव्हायथनचा रेस्ट, जॉन वीझे असे लोक त्यात आहेत, आणि इम्मॉर्टल बँडच्या एका सुसाट गाण्याचं कव्हर आहे ज्यात वेग काढून घेतला की मागे नुसती थंडी उरते. यांचा सगळ्यात काळाकुट्ट रेकॉर्ड हाच.

"मोनोलिथ्स अँड डायमेन्शन्स" मध्ये एवढं काय आहे?

हे जरा निवांत सांगतो कारण माझ्या मते सनचं सगळ्यात मोठं काम हेच.

चार ट्रॅक. सिअॅटलला रँडल डनने रेकॉर्ड केला. वाद्यमेळाची मांडणी आयविंड कांग या व्हायोलावाल्याची, आणि त्यांनी केलं काय, तर गिटारवर ऑर्केस्ट्रा चिकटवला नाही, तर गिटारच्या आत जे स्वर आधीच वाजतायत ते हेरून तेच दुसऱ्या वाद्यांना दिले. म्हणजे डबल बास, ट्रॉम्बोन, शंख, बायकांचा कोरस, हे सगळे त्या कॉर्डमधूनच उगवल्यासारखे येतात. वर मी आतल्या स्वरांबद्दल जे बोललो ते कुणाला पटत नसेल तर हा रेकॉर्ड ऐकवावा, इथे ते स्वर माणसांनी गाऊन दाखवलेत.

पहिला ट्रॅक "अगार्था", अटिला अगदी खालच्या आवाजात बोलतोय आणि जमीन सरकत असल्यासारखे आवाज. दुसरा "बिग चर्च", जेसिका केनीच्या कोरसचा, ज्याच्या नावापुढे एक हंगेरियन शब्द आहे, इतका लांब की कव्हरवर एक ओळ त्यालाच लागते. तिसऱ्यात जरा नेहमीचं रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, वगैरे आहे. आणि चौथा "अॅलिस".

"अॅलिस" म्हणजे अॅलिस कोल्ट्रेन, जॅझ पियानो आणि हार्प वाजवणारी, जी पुढे स्वामिनी तुरियासंगीतानंद झाली, कॅलिफोर्नियात आश्रम काढला आणि आपली भजनं स्वतःच्या चालीत गायली. ती २००७ ला गेली. सोळा मिनिटांच्या या ट्रॅकमध्ये सुरुवातीला गिटार असते आणि ती हळूहळू कधी मागे सरते कळत नाही, शेवटी फक्त हार्प, तंतुवाद्यं आणि ज्युलियन प्रीस्टरचा ट्रॉम्बोन. प्रीस्टर म्हणजे सन रा (हा जॅझवाला, आपल्या सनशी संबंध नाही) आणि हर्बी हॅनकॉकसोबत वाजवलेला बुजुर्ग माणूस. दुसरा ट्रॉम्बोनवाला स्टुअर्ट डेम्पस्टर, ज्याने १९८८ ला पॉलिन ऑलिव्हेरोससोबत जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून रेकॉर्डिंग केलं होतं, जिथे आवाज ४५ सेकंद घुमायचा. असे लोक मेटल रेकॉर्डवर येतात आणि एकालाही परकं वाटत नाही. डिलन कार्लसन पण यात वाजवतोय.

दुसऱ्यांसोबतच्या रेकॉर्ड घ्याव्यात का?

"ऑल्टर" (२००६) नक्की, साउंडगार्डनचा किम थायिल पण आहे त्यात. नॉर्वेच्या उल्वर बँडसोबतचा "टेरेस्ट्रियल्स" (२०१४) छान आहे, पण उल्वरकडे झुकलेला. त्याच वर्षीचा "सूस्ड" मात्र प्रकरणच वेगळं, स्कॉट वॉकर, साठच्या दशकातला पॉप स्टार जो म्हातारपणी अत्यंत विचित्र रेकॉर्ड करायला लागला, त्याचा उंच ताणलेला आवाज आणि खाली हे दोघं. सगळी रचना वॉकरची, सन इथे साथीला आहेत. मला फार आवडतो, पण घरी पाहुणे असताना लावू नका.

चर्चमध्ये वाजवलं होतं म्हणे?

हो, २००७ ला नॉर्वेत बर्गनच्या कॅथेड्रलमध्ये, बोरेआलिस महोत्सवात, तिथल्या पाइप ऑर्गनसकट. ते रेकॉर्डिंग २००८ ला "डोमकिर्के" नावाने व्हायनिलवर आलं. दगडी इमारत आणि ऑर्गन, म्हणजे खालचे सूर घुमवण्यासाठीच बांधलेली जागा, त्यामुळे इथे अँपची भिंत पण जरा नम्र वाटते.

स्टीव्ह अल्बिनीने काय केलं?

"लाइफ मेटल" २०१८ च्या उन्हाळ्यात शिकागोला अल्बिनीच्या इलेक्ट्रिकल ऑडिओ स्टुडिओत रेकॉर्ड झाला. निर्वाणाचा शेवटचा स्टुडिओ रेकॉर्ड करणारा हाच. अल्बिनीचं तत्त्व साधं, बँड खोलीत जसा वाजतो तसा टेपवर आला पाहिजे, वरून साज नको. सनसारख्या बँडला याचा खूप फायदा झाला कारण आधीच्या रेकॉर्डमध्ये थरावर थर होते, इथे खोली ऐकू येते. टेपपासून व्हायनिल कापेपर्यंत सगळं अॅनालॉग ठेवलं. आइसलंडची हिल्दुर गुद्नादोत्तिर, जिला पुढे "जोकर" च्या संगीतासाठी ऑस्कर मिळालं, ती पहिल्या ट्रॅकवर गाते. कव्हर पण रंगीत, उजेडाचं, डेथ मेटलच्या उलट लाइफ मेटल. अल्बिनी २०२४ च्या मे महिन्यात गेला.

त्याच सेशनमधून "पायरोक्लास्ट्स" निघाला, २०१९ लाच. स्टुडिओत रोज सगळे जमले की घड्याळ लावून बारा मिनिटं एकाच सुरावर वाजवायचं, नुसतं एकमेकांच्या कानाला कान लावायला. त्यातले चार निवडले, प्रत्येकाच्या नावात सूर लिहिलाय, सी, जी, ई, ए. म्हणजे षड्ज लावून बसण्याचा प्रकारच की हा. नवख्याला मी कधी कधी लाइफ मेटलऐवजी हाच देतो, तुकडे छोटे आहेत म्हणून.

"कॅनन" आणि "मेट्टा" ही नावं कुठली?

कॅनन (२०१५) म्हणजे जपानमधली करुणेची देवता, जगाचा आक्रोश ऐकणारी. मूळ आपला अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या एक नंबर लेण्यातला पद्मपाणी म्हणजे तोच. दुसऱ्याचं ऐकणं हेच ज्या देवतेचं काम, तिचं नाव अशा बँडने घ्यावं हे मला पटलं. रेकॉर्ड मात्र अर्ध्या तासाच्या आसपासचा, मोनोलिथ्सनंतर जरा तुटपुंजा वाटतो. "मेट्टा, बेनेव्होलन्स" (२०२१) मधला मेट्टा पालीतला, मैत्री. ते बीबीसीच्या मेडा वेल स्टुडिओतलं २०१९ चं सेशन, स्वीडनची ऑर्गनवादक अॅना फॉन हाउसवुल्फ सोबत, आणि लाइफ मेटल व पायरोक्लास्ट्समधलंच सगळं पण जास्त मोकळं.

मोबाईलवर ऐकलं, काहीच वाटलं नाही.

वाटणार नाहीच. मोबाईलचा स्पीकर ५५ हर्ट्झच्या जवळपास पण जात नाही, जो बँड तिथेच राहतो त्याची वरची खरवड फक्त ऐकू येते. बरा हेडफोन चालेल, पण खरी मजा खोलीतल्या मोठ्या स्पीकरवर.

आणि खोलीचं एक गणित सांगतो. ५५ हर्ट्झची लाट सव्वासहा मीटर लांब असते, तिची अर्धी म्हणजे साधारण दहा फूट. आपल्या फ्लॅटमधली बेडरूम एका बाजूने दहा फूटच असते! म्हणजे सनचा मुख्य सूर आणि आपली खोली एकमेकांशी नेमके जुळतात, भिंतीजवळ तो सूर प्रचंड आणि त्याच दिशेने बरोब्बर मधे तो जवळजवळ गायब. तेव्हा मधोमध बसून "बेस नाहीये" म्हणत असाल तर उठून पाठ भिंतीला लावा. ट्रॅक चालू असताना हळूहळू चालून बघा, दर दोन पावलांवर वेगळा आवाज लागेल. शेजाऱ्यांची भिंत पण तीच असते, ते तुमचं तुम्ही बघा.

गिअर काय वापरतात?

अँडरसनकडे गिब्सन लेस पॉल, ओमॅलीकडे अॅल्युमिनियमच्या मानेची ट्रॅव्हिस बीन, धातूमुळे सूर जास्त वेळ टिकतो म्हणून. रॅट हा डिस्टॉर्शन पेडल आणि पुढे सन मॉडेल टी अँप, सत्तरच्या दशकातले, जुने, जड, बिघडणारे. अर्थक्वेकर डिव्हायसेस या ओहायोच्या कंपनीने २०१९ मध्ये यांच्यासोबत लाइफ पेडल काढला, त्यात रॅटच्या जातीचं डिस्टॉर्शन, वरचं सप्तक आणि एक बूस्टर आहे. पण खरं सांगायचं तर घरी ट्राय करायला कुठलाही डिस्टॉर्शन आणि खाली उतरवलेली जाड तार पुरे, बाकी अँपचा आवाज वाढवायला परवानगी मिळाली पाहिजे.

कानाला त्रास होतो का?

होऊ शकतो, यात चेष्टा नको. ८५ डेसिबलला आठ तास ही सुरक्षित मर्यादा धरतात, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला पंधरा मिनिटंच. सनचा शो त्याच्या वर असतो आणि दीडदोन तास चालतो. कुठेही बघायला गेलात तर इअरप्लग घालूनच, चांगले प्लग घातले तरी खालचे सूर अंगातून येतातच, काही बुडत नाही. कानात शिट्टी वाजायला लागली तर बाहेर पडा, शो अर्धवट राहिला तरी चालेल.

लावून झोप येते, चालतं का?

चालतं. बऱ्याच जणांना येते.

आत्ता काय करतायत, आणि लाइव्ह रेकॉर्डिंग कुठे मिळतील?

गेल्या काही वर्षांत पाहुणे कमी करून फक्त दोघांनी दौरे केले, "शोशिन" नावाने, म्हणजे परत पहिल्या दिवसासारखे दोन गिटार आणि अँपची भिंत. २०२५ मध्ये ते सब पॉपवर आले, तेच लेबल जिथे १९९३ ला "अर्थ २" आला होता, आणि तिथून पहिली रेकॉर्ड आली "इटर्निटीज पिलर्स", ज्याचं नाव अॅलिस कोल्ट्रेनच्या जुन्या टीव्ही कार्यक्रमावरून.

लाइव्हसाठी बँडकँपवर यांचं वेगळं पान आहे, वेगवेगळ्या वर्षांतले आणि शहरांतले शो तिथे पडलेत. एकच ट्रॅक दोन शोमधला शेजारी शेजारी लावून बघा, रिफ तीच, पण हॉल वेगळा, अँपची ठेवण वेगळी, त्यामुळे फीडबॅक दरवेळी वेगळ्याच सुरावर जाऊन बसतो. मी बहुतेक वेळा स्टुडिओ रेकॉर्डऐवजी हेच लावतो. डाउनलोड करताना एमपीथ्री घेऊ नका, फ्लॅक घ्या, जागा खाते पण खाऊ दे.